पिचिंग नेट आणि ग्लोव्ह: आठ-नऊ महिने वापरल्यानंतर

सॉफ्टबॉलच्या सामानाबद्दल मराठीत कोणी लिहीत नाही, सगळं क्रिकेटचंच, म्हणून जरा लांबलचक लिहितेय. सामान असं: सात बाय सात फुटांचं घडीचं पिचिंग नेट (पिचिंग म्हणजे बॅटरला बॉल टाकणं, टाकणारी ती पिचर), त्याच्यावर अडकवायचं नऊ खणांचं टार्गेट, आणि वेगळा घेतलेला साडेअकरा इंची ग्लोव्ह. नेटच्या ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण तेच नेट ऑनलाइन तीन-चार नावांनी मिळतं, फक्त लोगो बदलतो. वापरणाऱ्या मुली दहा ते तेरा वर्षांच्या, माझी भाची आणि तिच्या सोसायटीतल्या मैत्रिणी. जागा म्हणजे नेरूळला आमचं स्टिल्ट पार्किंग, आणि रविवारी मिळालंच तर मैदान. मिळालंच तर म्हणतेय कारण क्रिकेटवाले सकाळी सहालाच स्टंप ठोकून बसलेले असतात.

सरळ सांगायचं तर नेट घ्या, टार्गेट माळ्यावर टाका.

आता का ते सांगते. दहा वर्षांच्या मुलीसमोर नऊ खण ठेवले की ती नेम धरायला लागते, आणि नेम धरला की हात हळू होतो. विंडमिल पिचिंगमध्ये हात खांद्यातून पूर्ण गोल फिरतो आणि सगळा वेग शेवटी मनगटाशी सुटतो, तिथेच मुलगी बॉल खणाकडे ढकलायला लागली तर मनगट कडक होतं, कोपर सरळ ताठ राहतं आणि बॉल सुटतो तो नुसता भिरकावल्यासारखा. खणात जातोही, आई-बाबा टाळ्या वाजवतात, आणि आठवड्याभरात ती सवय पक्की होते जी मोडायला नंतर दुप्पट वेळ लागतो. टार्गेट काढलं आणि फक्त जाळं ठेवलं तेव्हा त्याच मुली बिनधास्त हात फिरवायला लागल्या, बॉल कुठेही जाऊ दे, जाळ्यातच जाणार आहे ना! नेम नंतर येतो, हाताचा गोल एकाच रेषेत राहायला लागला की निम्मा आपोआपच येतो.

आम्ही फरशीवर खडूने एक रेघ मारतो, पिचरच्या पायापासून नेटच्या मधोमध, आणि पाऊल त्या रेघेवर पडलं पाहिजे, हाताचा गोलही त्याच रेघेच्या वर. हात पाठीमागे गेला किंवा अंगापासून लांब फिरला की खांद्यावर ताण येतो आणि बॉल बाजूला जातो. खाली येताना दंड अंगाजवळ, कोपर आधी आणि पंजा मागून, मग हाताचा पुढचा भाग कमरेला हलकासा घासून जातो आणि तिथेच बॉल सुटतो. हे सुरुवातीला नेटपासून अडीच-तीन मीटरवर उभं राहूनच करायचं, पूर्ण अंतरावरून नाही. एवढ्या जवळून माणूस कॅचर म्हणून, म्हणजे पिच झेलायला समोर, बसवणं धोक्याचं आणि भिंतीवर मारलं तर बॉल उलटा अंगावर, म्हणून नेटचे पैसे इथेच वसूल होतात.

बऱ्याच जणी शाळेतून शिकून येतात की बॉल सुटल्यावर कोपर वर उचलून हनुवटीसमोर आणायचं. मलाही तसंच शिकवलं होतं. पण मोठ्या पिचर्सचे स्लो मोशन व्हिडिओ बघा, बॉल सुटल्यानंतर हात सैल पडून अंगासमोरून जातो, बहुतेक जणी कोपर मुद्दाम उचलत नाहीत. बॉल आधीच गेलाय, त्यानंतर केलेल्या पोझचा त्याला काय फायदा?

आणि ग्लोव्हचा हात! याच्याबद्दल कोणी बोलतच नाही, सगळ्यांचं लक्ष बॉलवाल्या हातावर. सुरुवातीला दोन्ही हात एकत्र, बॉल ग्लोव्हमध्ये, मग हात सुटतात आणि ग्लोव्ह पुढे कॅचरकडे जातो, तिथून खाली येऊन अंगासमोर थांबतो. एवढंच. पण मुली तो हात पोहल्यासारखा बाहेर फेकतात, आणि ग्लोव्ह बाहेर गेला की खांदा उघडतो, खांद्यामागे कंबर लवकर फिरते, आणि बॉलवाल्या हाताला अंगाजवळून जायला जागाच राहत नाही. आमच्याकडे ज्या मुली भावांबरोबर क्रिकेट खेळतात त्यांच्यात हे जास्त दिसलं, त्यांना पुढचा हात जोरात ओढायची सवय असते. दुसरी खोड म्हणजे ग्लोव्ह मांडीवर फाटकन आपटणं, आवाज भारी येतो, बघणाऱ्याला वाटतं काय जोर आहे, पण पिच टाकल्यावर बॅटरने मारलेला बॉल सरळ तोंडावर परत येऊ शकतो आणि त्या वेळी ग्लोव्ह मांडीपाशी असून उपयोग नाही.

इथे नेटचा एक फायदा कळला जो जाहिरातीत लिहिलेला नाही. मोबाईल नेटच्या मागे स्टूलवर ठेवायचा, चार-पाच फूट लांब कारण बॉल लागला की जाळं मागे फुगतं, आणि समोरून स्लो मोशन घ्यायचा. कॅचरला जे दिसतं तेच दिसतं, ग्लोव्ह कुठे चाललाय, गोल रेघेवर आहे का, सगळं. माझी भाची माझं ऐकत नव्हती, दहा वेळा सांगून झालं, व्हिडिओ बघितल्यावर म्हणाली, "मावशी, मी टॅक्सीला हात करतेय का गं?" नंतर बोलावंच लागलं नाही.

ग्लोव्हकडे येते. आधी जो होता तो साडेबारा इंची, मोठ्या बहिणीचा, आणि दहा वर्षांच्या मुलीच्या मनगटाला तो झेपतच नाही. जड ग्लोव्ह हाताला खाली आणि बाहेर ओढतो, म्हणजे वर सांगितलेली अर्धी चूक सामानाची असते, पोरीची नाही. साडेअकरा इंची आणल्यावर फरक लगेच दिसला. वेब, म्हणजे अंगठा आणि बोटांमधला भाग, बंद घ्या, जाळीदार नको, कारण जाळीतून बॅटरला पिचरची ग्रिप दिसते, आज लहान वयात फरक पडत नसेल पण चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला, बॅटरला फसवणारा बॉल) शिकल्या की पडतो. चामडं नवीन असताना कडक होतं, रोज झेल घेऊन आणि रात्री आत बॉल ठेवून ओढणीने बांधून मऊ झालं. कृपया खोबरेल तेल ओतू नका, आमच्या इथे एका आजोबांनी प्रेमाने ओतलं आणि तो ग्लोव्ह जड होऊन लिबलिबीत झाला. पावसाळ्यात बुरशी धरली ती वेगळीच, नवी मुंबईची हवा तुम्हाला माहितीये, कपाटात ठेवूच नका, पंख्याखाली वर्तमानपत्र कोंबून ठेवा.

नेटच्या तक्रारी: पायाच्या लोखंडी पाइपला एका पावसाळ्यात गंज, जाळं अडकवायचे इलॅस्टिक हुक सैल होऊन तुटायला लागलेत, आणि फायबरच्या कांड्यांची टोकं सोलून हाताला कुसं लागतात, मी टेप गुंडाळलाय. विकणाऱ्याला मेसेज केला, उत्तर नाही. जाळं स्वतः मात्र एकदम मजबूत, बारा इंच घेराचा बॉल रोज खाऊन एक गाठ सुटलेली नाही. दोघींनी मिळून पाच मिनिटांत उभं होतं, एकटीला नाकी नऊ येतात.

अंतराचं पण बघा. मोठ्या बायकांचं पिचिंग 43 फुटांवरून, म्हणजे 13.11 मीटर. अमेरिकेत दहाखालच्या मुलींना 35 फूट आणि बाराखालच्यांना 40 फूट असतं, आम्हीही तसंच मोजून खुणा केल्यात. आपल्याकडे काही ठिकाणी सरसकट सगळ्यांना मोठ्यांच्या अंतरावर उभं करतात आणि मग बॉल पोचवायच्या नादात पोरी अख्खं अंग वाकवतात.

एक बाबा मला म्हणाले, अंडरआर्म आहे, हात दुखत नाही, ती जपानची युकिको उएनो बघा. बरोबर, उएनोने 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत तीन मॅचमध्ये 413 पिच टाकले आणि गोल्ड जिंकलं, टोकियोत परत गोल्ड, तेव्हा ती 39 ची होती. पण बीजिंगला ती 26 वर्षांची तयार खेळाडू होती हो, तुमची मुलगी सहावीत आहे. खांद्याच्या पुढच्या बाजूला, दंडाचा स्नायू जिथे वर जातो तिथे दुखायला लागलं की त्या दिवशी बंद, आणि दुखणं राहिलं तर डॉक्टर. नेट घरात असण्याचा हाच तोटा, कॅचर दमतो म्हणून थांबतो, नेट दमत नाही, पोरी टाकतच राहतात.

किंमत नेटची साडेपाच हजारांच्या आसपास पडली, टार्गेटशिवाय मिळत असेल तर तेच घ्या. एकट्या मुलीसाठी महाग वाटेल, तीन-चार घरांनी मिळून घेतलं तर काहीच नाही, फक्त सेक्रेटरींची परवानगी आधी घ्या आणि नेटच्या मागे गाड्या येतील असं नेट लावू नका, सुरुवातीला बॉल वरून जातात.

बाकी एक मदत हवीये. आमच्यातली एक मुलगी डावखुरी आहे, तिला उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह पाहिजे, साडेअकरा इंची, बंद वेबचा. धोबीतलावच्या दुकानांत फिरून आले, होता तो तेरा इंची. ठाण्यात किंवा वाशीकडे कोणाला दिसला असेल तर दुकान सांगा, सध्या ती उलटा ग्लोव्ह घालून खेळतेय.