मेंढरांसाठी घेतलेला साडेसहाशेचा हूकवाला काटा, दीड वर्ष वापरून

राजेहो, काटा साधाच हाय. वरून कडी, खालून हूक, मधात बोटभर डिस्प्ले, ५० किलोपर्यंत वजन घेते. कंपनीचं नाव डब्यावर होतं पण डबा उंदरानं खाल्ला, अन् तसंही हे काटे सगळे एकाच मातीचे दिसतात. आपल्याकडं ४० माद्या अन् २ मेंढे हायेत, दख्खनी जातीचे, चराई गावाच्या पडीतावर अन् हंगामात तुरी-सोयाबीनचं कुटार. एवढ्या कळपाला काटा कायले पायजे असं मलेही वाटायचं.

काटा घ्यायचं कारण म्हणजे त्याच्या आधीच्या वर्षी ११ नर ठोक्यात, म्हणजे वजन न करता देले, ६००० रुपये नग. व्यापाऱ्यानं रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगितला, आमच्या आबाजीनं मान हलवली, सौदा झाला. पुढच्या खेपेला १२ नर होते, तोच व्यापारी ६२०० म्हणे. म्या म्हटलं भाऊ आता किलोवर बोलू. तो हसला, मंग काट्यावर टांगायले लागलो तर हसणं बंद. सगळे मिळून २२४ किलो भरले, जित्त्या वजनाले ३८० नं भाव फुटला, ८५१२० आले. ठोक्यात ७४४०० भेटले असते. म्हणजे काट्याचे पैसे एका सौद्यात सोळापट वसूल.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा, व्यापारी वजन सकाळी उपाशी पोटी मागते अन् आपण संध्याकाळी चरून आल्यावर दाखवतो. एकच नर म्या दोन्ही वेळा टांगून पायला, दीड किलोचा फरक, नुसता चारा-पाणी. त्याच्यावरून भांडण नको म्हणून आता आधीच ठरवतो, सकाळी, चरायले सोडायच्या आधी. रेकॉर्डसाठीही तीच वेळ ठेवा, नाहीतर वहीतले आकडे काई कामाचे नाईत.

काटा खरा हाय का हे पायले युरियाची न फोडलेली ४५ किलोची गोणी टांगली, ४५.१ दाखवलं. वरचे १०० ग्रॅम गोणीचेच असतीन. आबाजीलेही तपासलं, कंबरेच्या मणक्यावर हात ठेवून ते वजन सांगतात, कातरलेल्या मेंढीले अर्ध्या-पाऊण किलोत बरोबर. लोकर वाढलेली असली की चुकतात, दोन-अडीच किलोनं. ते म्हणे लोकर फसवते. आता लोकरीले कोणी इचारत नाई, कातरणारालेच वरून पैसे द्या लागते, अन् ती अंदाजही बिघडवते, बरं.

पण माह्या मते खरा फायदा विक्रीत नाई, मेंढी कोणती ठेवायची अन् कोणती काढायची ह्याच्यात हाय. तीन महिन्यांचं कोकरू झालं की टांगतो अन् वहीत त्याच्या मायच्या बिल्ल्याचा नंबर लिहितो. भाचा लिहिते, त्याले तेवढंच शाळेच्या गणिताहून बरं वाटते. पयल्या वर्षी कोणाचं ९ किलो, कोणाचं १४, चरणं एकाच रानात. ९ वालं निघालं १४ नंबरच्या मेंढीचं. आता १४ नंबर म्हणजे आमच्या घरचीची लाडकी, कळपातली सगळ्यात गुटगुटीत, पाहुणे आले की तिलेच दाखवायचं. दुसऱ्या वेतातही तिचं कोकरू शेवटच्या तिघात. तवा डोक्यात उजेड पडला, ही गुटगुटीत कायची, दूध कमी देते अन् खाल्लेलं सगळं सोताच्या अंगावर घेते! अन् जी हाडं दिसणारी २७ नंबर म्या दरवर्षी इकायच्या यादीत टाकत होतो तिनंच १४ किलोचं पोसलं होतं. १४ नंबर इकली, घरची दोन दिवस बोलली नाई.

२७ सारख्या वाळलेल्या मेंढ्यांले आता गाभण करायले मेंढा सोडायच्या तीन आठवडे आधीपासून रोज पाव किलो मक्याचा भरडा देतो, अन् गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात पुन्हा, कारण पोटातलं पिल्लू तवाच झपाट्यानं वाढते. सगळ्या कळपाले भरडा देला तर खिसा फाटन, काट्यामुळे कोणाले द्यायचा ते समजते.

जंताच्या औषधाचंही तेच. आधी बारक्यापासून दांडग्यापर्यंत एकच पिचकारी. दांडग्याले कमी पडलं की जंत मरत नाईत, उलट औषधाले पचवायले शिकतात. मागच्या पावसाळ्यात काही कोकरांचं वजन पंधरा दिवस जागचं हाललं नाई, डोळ्याची खालची पापणी उलटून पायली तर पांढरीफट, म्हणजे जंतांनी रगत पेलेलं. डॉक्टरले बोलावलं, वजनावर डोस देला, सुधरले. ते आले तवाच ओरडलेही, कारण म्या दुकानदाराच्या म्हणण्यावरून गाई-म्हशीचं मिनरल मिक्श्चर चारत होतो. त्याच्यात तांबं जास्त असते, अन् मेंढीच्या लिव्हरमधी ते साचत जाते, मेंढी मरू शकते. पुडक्यावर मेंढीसाठी असं लिहिलेलंच घ्या.

आता काट्याच्या कुरबुरी. मेंढी लाथा झाडते अन् आकडा नाचत रायते, आकडा थांबवायले होल्डचं बटन हाय पण ते चुकीच्याच आकड्यावर अडकते, मी तीनदा पाहून मधला लिहितो. उन्हात डिस्प्ले दिसत नाई. दोन मिनिटात आपोआप बंद पडते, तवर मेंढी झोळीत बसत नसते. मोठा मेंढा ५० च्या वर जाते, त्याच्यासाठी हा काटा नाईच. झोळी सोबत येत नाई, घरचीनं बारदान्याची शिवली, चार पाय बाहेर निघतीन अशी भोकं पाडून, अन् तिचं वजन आधी शून्य करून घ्या लागते, ते म्या पयल्या दिवशी इसरलो अन् सगळी मेंढरं ६०० ग्रॅमनं जड लिहिली.

पाचपैकी साडेतीन. घेताना काटा टांगायची आडवी बल्ली मजबूत पाहा, आमची पयली बाभळीची होती, ४१ किलोच्या मेंढीसकट खाली आली. मेंढी उठून पळाली, काट्याची कडी वाकडी झाली ते अजून तशीच हाय.