लिब्रेऑफिस रायटर : मराठी कथेत हिंदी संवाद असतील तर

दिवाळी अंकांची प्रुफं मी परळला घरीच वाचते. हल्ली मुंबईतली कथा म्हटली की निवेदन मराठी, लोकलमधली बाचाबाची हिंदी, आणि नायिका बीकेसीत कामाला असेल तर तिचे मेल इंग्रजी. अशा मजकुराचं शुद्धलेखन तपासायला लिब्रेऑफिसमधला रायटर, म्हणजे वर्डसारखं लिहायचं सॉफ्टवेअर, मला सगळ्यात सोयीचा वाटतो. तो फुकट आहे याचं कौतुक संपादकांना. मला त्यातली भाषा ठरवायची पद्धत आवडते.

मराठी-इंग्रजीची जोडी सोपी. ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर पाश्चात्त्य लिप्यांसाठी एक भाषा आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, म्हणजे सीटीएल) दुसरी, असे वेगळे रकाने आहेत. पहिल्यात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी लावली की लिपी बघून तो शुद्धलेखन तपासायचा कोश आपला आपण निवडतो. मराठीचा कोश नसेल तर एक्स्टेन्शन, म्हणजे जोडणी म्हणून टाकायचा.

खरी गोची हिंदीची, कारण लिपी तीच. विम या, प्रोग्रॅमर मंडळी वापरतात तसल्या एडिटरमध्ये स्पेललँगला (तपासणीची भाषा ठरवणाऱ्या सेटिंगला) मराठी आणि हिंदी दोन्ही देता येतात, आणि संगणकवाले पुतणे-भाचे हाच उपाय सुचवतात. प्रुफं वाचणाऱ्याला तो कुचकामी. दोन कोश एकत्र उघडले की कुठल्याही एकात सापडलेला शब्द बरोबर ठरतो. मग मराठी निवेदनात कुणी ‘कवि’ किंवा ‘वस्तु’ लिहिलं तरी लाल रेघ येत नाही, हिंदीत ते शुद्धच आहे ना! ऱ्हस्व-दीर्घच निसटणार असतील तर तपासणी कशाला करायची?

रायटरमध्ये भाषा फाइलीला नाही, मजकुराला चिकटते. मी ‘हिंदी संवाद’ नावाची कॅरेक्टर स्टाइल (निवडलेल्या शब्दांना एकदम लावायचा सेटिंगांचा संच) करून तिची सीटीएल भाषा हिंदी ठेवली आहे. संवाद निवडायचा, स्टाइल लावायची. संस्कृत श्लोकाला ‘नन’, म्हणजे तपासूच नकोस. कंटाळवाणं आहे, पण संवादांच्या कथेत अर्ध्या तासाचं काम.

रायटरच्या आत शुद्धलेखन तपासणारं हन्स्पेल आहे : एका फाइलीत शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. मराठीत हे नियम बसवणं महाकठीण. ‘गरीब’चं ‘गरिबाला’ होतं, पण तत्सम ‘शरीर’चं ‘शरीराला’च राहतं. त्यात ‘घरासमोरच्यांनासुद्धा’सारखे शब्द. त्यामुळे शुद्ध शब्दांखालीही रेघा येतात. डोळे मिटून सूचना स्वीकारत गेलात तर लेखक तुमच्या नावाने शंख करेल.

यावरचा उतारा फार जणांना ठाऊक नाही. २०१८च्या ६.० आवृत्तीपासून स्वतःच्या शब्दकोशात ‘ग्रामर बाय’ असा रकाना आहे. मराठीसाठी वेगळा शब्दकोश करून त्यात ‘चिंचपोकळी’ घालायचं आणि त्या रकान्यात ‘पोळी’ लिहायचं. मूळ कोशात ‘पोळी’ला प्रत्ययांचे नियम असतील तर ‘चिंचपोकळीला’, ‘चिंचपोकळीच्या’ आपोआप चालतात. ‘चिंचपोकळ्या’ही शुद्ध ठरतात म्हणा, पण तेवढं चालायचंच.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल आली तर यातलं काहीच लागू पडत नाही. रायटरला ती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग तपासणीसाठी एफ-७ दाबा.