सी च्या क्लासचा अनुभव: 4 स्टार, पाचवा पंख्यासाठी कापला

क्लासचं नाव टाकत नाही कारण खाली थोड्या शिव्या पण आहेत. डिप्लोमाला सी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या विषयात केटी लागली (म्हणजे नापास, पेपर परत द्यायचा) म्हणून नाइलाजाने जॉइन केला, फी 3500, दर रविवारी सकाळी 3 तास.

बरेच जण म्हणतात की सर फार स्लो शिकवतात, आणि ते खरंय, स्ट्रिंगची (म्हणजे ओळीने ठेवलेल्या अक्षरांची) लांबी या एका टॉपिकवर माणसाने दोन रविवार घालवले!! कॉलेजमध्ये हे एका ओळीत संपलेलं, स्ट्रलेन (लांबी सांगणारं तयार फंक्शन) लिहा, आकडा येतो, पुढे चला. सरांनी मात्र फळ्यावर मालगाडी काढली. म्हणे सी ला फक्त इंजिन कुठे उभं आहे ते माहीत असतं, डबे किती ते कुठेच लिहिलेलं नसतं, त्यामुळे गार्डचा डबा येईपर्यंत मोजत चालत जायचं. गार्डचा डबा म्हणजे शेवटचा नल कॅरेक्टर (स्ट्रिंग इथे संपली अशी खूण), तो मोजायचा नाही पण त्याला जागा लागतेच, म्हणून इंग्रजीतलं पुणे 4 अक्षरांचं असलं तरी ॲरे (मेमरीतल्या खणांची रांग) 5 चा घ्यायचा. आणि गार्ड जोडलाच नाही तर स्ट्रलेन चालत चालत पुढे दुसऱ्याच्या मेमरीत घुसतो आणि मग काय आकडा येईल देव जाणे.

पण खरी मजा कोल्हापूरची. सरांनी इंग्रजीत कोल्हापूर लिहून ते एका फंक्शनला (प्रोग्रॅमच्या वेगळ्या तुकड्याला) पाठवलं आणि आत साइझऑफने (किती बाइट जागा ते सांगतो) मोजलं, उत्तर 8, अक्षरं पण 8, आम्ही सगळे खूश. मग सातारा टाकलं, अक्षरं 6 आणि उत्तर परत 8! फंक्शनमध्ये ॲरे जातच नाही, त्याचा मेमरीतला पत्ता जातो, आणि 64 बिट मशीनवर पत्त्याची साइझ 8 बाइट. मुद्दाम कोल्हापूर निवडलं होतं त्यांनी, बेरकी माणूस.

नंतर पुणे देवनागरीत टाकलं तर स्ट्रलेन म्हणतो 12. कारण तो अक्षरं मोजतच नाही, बाइट मोजतो, आणि यूटीएफ 8 (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) मध्ये प, उकार, ण, मात्रा प्रत्येकी 3 बाइट खातात.

दुसऱ्या रविवारी लूपच्या (तेच काम फेऱ्या मारत करणाऱ्या कोडच्या) कंडिशनमध्ये स्ट्रलेन लिहिणाऱ्यांची हजेरी घेतली (मी पण त्यातलाच), कंपायलरने (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) सावरून घेतलं नाही तर दर फेरीला गाडी पहिल्यापासून मोजली जाते. जीटीए ऑनलाइन हा गेम लोड व्हायला एवढा वेळ का लागायचा त्यात हे पण एक कारण होतं, 10 एमबी ची फाइल वाचताना प्रत्येक छोट्या तुकड्याला उरलेल्या सगळ्या फाइलची लांबी परत मोजली जायची. 2021 मध्ये बाहेरच्याच एका प्रोग्रॅमरने हे आणि अजून एक घोळ शोधून लोडिंग 70 टक्क्यांच्या आसपास कमी केलं, कंपनीने त्याला 10 हजार डॉलर दिले. हे ऐकून मागच्या बाकावरचे पण जागे झाले.

आता शिव्या. लॅबच्या पीसीवर अजून तो निळा टर्बो सी (सी चं जुनाट सॉफ्टवेअर), वरचं देवनागरी वगैरे सगळं सरांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर बघावं लागलं, 30 जणांनी मिळून एका स्क्रीनवर. पंखा एकच आणि तो सरांच्या डोक्यावर. पार्किंग विसरा.

केटी सुटली. पॉइंटरची (म्हणजे त्या मेमरीतल्या पत्त्यांची) बॅच दिवाळीनंतर आहे, मी नाव दिलंय, तुम्ही येणार असाल तर लवकर येऊन खिडकीजवळची जागा धरा.