युकुलेले घेताय? आधी चौथ्या तारेचं ठरवा

युकुलेले, म्हणजे गिटारसारखं दिसणारं चार तारांचं छोटं वाद्य, घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न साइझचा विचारतो. सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर की बॅरिटोन? माझ्या मते हा प्रश्न दुसरा. पहिला असा, की त्यावर कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) धरून गाण्याला साथ करायची आहे, की गाण्याची चाल वाजवायची आहे? त्यावरून तारा कशा लावायच्या ते ठरतं, आणि एकदा ते ठरलं की साइझचा घोळ बराचसा मिटतो.

सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर या तिघांच्या तारा सहसा त्याच सुरांत लावतात: जी, सी, ई, ए. पेटीवर पांढरी पाच, एक, तीन आणि सहा. म्हणजे पांढरी एकचा सा धरला तर प, सा, ग, ध. मेख त्या जीमध्ये आहे. वाजवताना आपल्या चेहऱ्याच्या बाजूला येणारी ही चौथी तार (तारा खालून मोजतात). गिटारच्या सवयीने ती खर्जातली असेल असं वाटतं, पण जुन्या पद्धतीत ती सी आणि ई या दोन्हींहून चढी असते. तंबोऱ्यात नाही का, खर्जाची तार सगळ्यांत शेवटी येते, तसाच हा उफराटा क्रम. याला हाय जी म्हणतात. युकुलेलेचा तो उजळ, खळखळता आवाज बराचसा या उलट्या तारेमुळे. नुसतं स्ट्रमिंग करत, म्हणजे सगळ्या तारांवर हात फिरवत, गायचं असेल, तर याहून वेगळं काही शोधू नका.

चाल वाजवायला घेतली की मात्र अडतं. हाय जीमध्ये सगळ्यांत खालचा सूर म्हणजे मोकळी सी, त्याखाली काहीच नाही. पांढरी एकमध्ये भावगीत सुरू केलं आणि चाल साच्या खाली उतरली, की मंद्रातले नि, ध, प वाजवायला जागाच नसते. यावर फुकटातला उपाय म्हणजे सा बदला. पांढरी चारचा सा घेतला तर मंद्र पंचम बरोबर मोकळ्या सीवर येतो. पण मग अंतरा तार गंधाराला गेला की बोट ए तारेच्या बाराव्या फ्रेटवर जातं (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या). सोप्रानोची मान सहसा तिथेच संपते, पुढे बोटांची कसरत.

दुसरा उपाय लो जी, म्हणजे चौथी तार एक सप्तक खाली. आता पांढरी एकमध्ये मंद्र पंचम मोकळ्या तारेवर मिळतो. मात्र आहे तीच तार सैल करून हे जमत नाही, ती नुसती लोंबकळते. जाड तार वेगळी आणावी लागते, आणि ती बसत नसेल तर मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या आडव्या पट्टीवरून जातात तिच्यातली खाच जराशी रुंद करून घ्यावी लागते. कॉर्डची बोटं तीच राहतात. सोप्रानोवर लो जी लावता येते, पण तारेची लांबी कमी असल्याने आवाज बऱ्याचदा ढिला येतो. ही तार खुलते ती टेनरवर.

आता साइझ. एकूण लांबी सोप्रानोची साधारण 21 इंच, कॉन्सर्ट 23, टेनर 26, बॅरिटोन 30. फरक कळायला डी कॉर्ड धरून बघा: दुसऱ्या फ्रेटवर शेजारशेजारच्या तीन तारा, तीन बोटं. त्या घरात सोप्रानोवर जेमतेम 18 मिलीमीटर जागा असते, टेनरवर 23च्या आसपास. तेवढ्यात बोटं जरा तिरकी मागेपुढे बसतात. पण तारांमधलं आडवं अंतर मोठ्या साइझमध्ये वाढेलच असं नाही. पुष्कळ सोप्रानो आणि टेनरची मान वरच्या टोकाला सारखीच, सुमारे 35 मिलीमीटर रुंद असते. ज्यांची बोटं जाड आहेत त्यांनी इंचांपेक्षा हा आकडा विचारावा. सोप्रानोवर तिसऱ्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून काळी पाचमध्ये गायचा बेत असेल तर तोही सोडा, पुढे फारशी जागा उरत नाही.

सात-आठ वर्षांच्या मुलाला सोप्रानो उत्तम. मोठ्या माणसाला गाता गाता वाजवायचं असेल तर मी डोळे झाकून कॉन्सर्ट सांगेन, हाय जीसकट. चाल वाजवणाऱ्याने टेनर आणि लो जी घ्यावं.

बॅरिटोनचं घराणंच निराळं. त्याच्या तारा डी, जी, बी, ई, म्हणजे गिटारच्या खालच्या चार बारीक तारा, जशाच्या तशा. गिटार येत असेल तर पहिल्या दिवसापासून वाजेल. पण क्लासमध्ये सगळ्यांनी सी धरला आणि तुम्ही तीच बोटं ठेवलीत, तर तुमच्याकडून जी वाजेल. पाचव्या फ्रेटला कॅपो लावला की मात्र सूर लो जीवाल्यांशी जुळतात. आवाज भारदस्त, गिटारकडे झुकणारा. युकुलेलेची ती खळखळ हवी म्हणून कुणी बॅरिटोन घेऊ नये.

कुठलंही घ्या, दुकानातून निघण्याआधी ट्यूनर लावून प्रत्येक तार आधी मोकळी आणि मग बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. सूर तोच, एक सप्तक वर यायला हवा. स्पष्ट बेसूर येत असेल तर दुसरा नग मागा. नव्या तारा पहिले काही दिवस उतरतच राहतात, त्याला घाबरू नका. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल आणि वाद्य भिंतीवर उघडं टांगणार असाल, तर अख्ख्या लाकडाच्या महागड्या नगापेक्षा प्लायवुडचा घ्या, पावसाळी दमट हवा तो जास्त सोसतो.