पहिल्या दिवशी पिझ्झा झाला म्हणून पैसे देऊ नका

घराच्या आवारात लाकडावरचा विटांचा पिझ्झा ओव्हन बांधून देणारी मंडळी आता पुण्या-मुंबईच्या फार्महाऊसांपुरती राहिलेली नाहीत. आमच्या कोल्हापुरातही ती फिरतात. सगळेच लबाड असतात असं नाही. आम्हाला भेटलेला होता, आणि त्याची रीत इतकी बेतशीर होती की दुसरं कुणी त्यात सापडू नये म्हणून ती सविस्तर लिहिते.

ठरले एक लाख साठ हजार. साठ टक्के उचल, बाकीचे "पिझ्झा खाऊन द्या मॅडम". व्हॉट्सॲपवर आलेलं कोटेशन वाचायला चोख होतं: आतून ३६ इंची घुमट, नव्या आयएस ८ दर्जाच्या फायरब्रिक (भट्टीची आच सोसणाऱ्या विटा), जोडायला रिफ्रॅक्टरी मॉर्टर (आच सोसणारा मसाला), ओव्हनच्या फरशीखाली उष्णता अडवणारा व्हर्मिक्युलाइटचा थर, घुमटावर उष्णता धरून ठेवणारं सिरॅमिक ब्लँकेट दुहेरी, वरून प्लास्टर. ओव्हनमधलं कुणी जाणतं माणूस असतं तर त्यानंही या यादीवर मान डोलावली असती.

सगळी गोम "पिझ्झा खाऊन" या अटीत होती. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा साधारण ४३० ते ४८० अंशांवर ६० ते ९० सेकंदांत भाजतात. एवढी आच एका संध्याकाळपुरती कुठलीही वीट सोसते. लाल विटेचा घुमट बांधा, सिमेंटनं जोडा, दुपारभर बाभळीची लाकडं रेटा, रात्री पिझ्झा होतो. आमचाही झाला. शेजारीपाजारी जमले, टाळ्या पडल्या, ह्यांनी तिथल्या तिथे उरलेली रक्कम फोनवरून पाठवली. खात्यावरचं नाव कंत्राटदाराचं नव्हतं. "बायकोचं खातं आहे," म्हणाला.

पुढे एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. वरचं चीज करपायचं आणि खालचा पापुद्रा पांढराच राहायचा, कारण फरशीची उष्णता सरळ खालच्या स्लॅबमध्ये उतरत होती. ओट्याखाली रचलेली लाकडं हाताला गरम लागायची. व्हर्मिक्युलाइट तिथे नव्हतंच. मग ओव्हन तापला की प्लास्टरच्या बारीक भेगांतून उग्र वास यायचा. आत ब्लँकेटच्या जागी इमारतीत वापरतात ती पिवळी ग्लासवूल निघाली. तिला बांधून ठेवणारं रेझिन अडीचशे अंशांच्या आसपासच जळायला लागतं. सिरॅमिक ब्लँकेट पांढरं असतं आणि १२६० अंशांच्या दर्जाचं मिळतं.

विटांचं बिंग मात्र आगीनंच फोडलं. घुमट नीट तापला की आतली काजळी जळून जाते आणि विटांचा मूळ रंग दिसतो. फायरब्रिकचा घुमट असा फिकट, मातकट पिवळा दिसायला हवा. आमच्यात खालच्या दोन-तीन ओळी तशा दिसल्या आणि वर लालभडक ठिगळं. त्यानं आतून सगळीकडे फायरक्लेचा, म्हणजे आच सोसणाऱ्या मातीचा, पातळ हात मारला होता, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळं एकाच रंगाचं दिसलं. तो लेप पिझ्झ्यावर झडायला लागला तेव्हा मी शेजारच्या मामांना बोलावलं. मामांची सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत गेली.

मामांनी बॅटरी मारून आत पाहिलं, खालची एक वीट उचकटली आणि उलटी केली. "ताई, ही नवी न्हवं. कपोल्यातनं निघालेली वीट हाय. ह्यो बघा स्लॅग, काचेगत चकाकतोय." फौंड्रीतली लोखंड वितळवायची कपोला भट्टी उतरवली की आतल्या लायनिंगच्या विटा भंगारात निघतात. त्यानं त्या उचलल्या, स्लॅग, म्हणजे वितळलेल्या लोखंडाची मळी, लागलेली बाजू मॉर्टरच्या आड दडवली आणि छाटलेली बाजू आत ठेवली. मामांनी फरशीच्याही दोन विटा काढून बघितल्या, त्याही तसल्याच. ज्या विटेसमोर लोखंड वितळलंय तिच्यावर पोरांच्या खाण्याचा पदार्थ थेट ठेवायचा, या विचारानंच मला मळमळलं. पैशांपेक्षा हा राग जास्त आहे.

लाल विटेशी माझं भांडण नाही. लाल वीट आणि चिकणमातीच्या भट्ट्यांवर कितीतरी लोकांनी पोट भरलंय, आणि तशी भट्टी स्वस्तात होते. पण मग फायरब्रिकचे पैसे का घेतले?

मृगाचा पाऊस आला आणि सांधे फुगले. साध्या सिमेंटचा हा गुणच आहे. साधारण साडेचारशे अंशांच्या पुढे त्यातल्या चुन्याचं पाणी निघून जातं, मग तोच चुना दमट हवेतली ओल पिऊन फुगतो आणि सांधा भुसभुशीत होतो. बोटानं खरवडलं तरी पीठ पडत होतं. रिफ्रॅक्टरी मॉर्टरच्या नावाखाली सिमेंटमध्ये थोडी फायरक्ले मिसळली होती, बास.

फोन केला तर त्याचं उत्तर तयारच होतं: "तुम्ही क्युरिंग केलं नाही मॅडम." हे नीट ऐकून ठेवा, तुम्हालाही हेच ऐकवतील. खरं क्युरिंग म्हणजे नवा ओव्हन काही दिवस लहान-लहान जाळानं, आच हळूहळू वाढवत सुकवायचा, आत मुरलेलं पाणी वाफ होऊन भेगा पाडू नये म्हणून. आणि यानं तर प्लास्टर ओलं असतानाच स्वतः मोठा जाळ करून पार्टी दिली होती. नशीब, भाच्यानं त्या संध्याकाळचा व्हिडिओ काढला होता, जाळ कोण पेटवतंय ते त्यात स्वच्छ दिसतं. व्हिडिओ पाठवल्यापासून फोन बंद.

तुम्ही बांधून घेणार असाल तर पैशाचे हप्ते झाकल्या जाणाऱ्या कामाशी बांधा, पिझ्झ्याशी नको. विटा आल्या की एक हप्ता, पण आधी तपासून. ९ × ४.५ × ३ इंचाची फायरब्रिक साधारण चार किलो भरते, त्याच मापाची लाल वीट बरीच हलकी. घरच्या काट्यावर टाका. बहुतेक कारखाने विटेवर छाप मारतात. एखादी वीट सरळ फोडून घ्या, आत लाल निघाली तर गाडी परत पाठवा. कुठल्या बाजूला काचेसारखी चकाकी किंवा छाटल्याची खूण दिसली तरी तेच. दुसरा हप्ता फरशीखालचा थर डोळ्यांनी बघून. तिसरा ब्लँकेट गुंडाळल्यावर आणि प्लास्टरच्या आधी. त्याचा तुकडा गॅसवर धरून बघा, वास किंवा धूर यायला नको. (कापताना मास्क लावा, त्याचे धागे फुफ्फुसात जायला नकोत.) शेवटची रक्कम क्युरिंग होऊन पाच-सहा वेळा ओव्हन पेटल्यावर. यावर जो "आमची अशी पद्धत नाही" म्हणेल त्याला चहा पाजून वाटेला लावा. आणि जीएसटीचं बिल घ्या. आमच्याकडे कच्च्या कागदापलीकडे काही नव्हतं.

तरीही तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार द्यावी लागते आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. आम्ही कोटेशनचे स्क्रीनशॉट, पैसे पाठवल्याच्या नोंदी, विटांचे फोटो आणि तो व्हिडिओ जोडून तक्रार दाखल केली आहे. स्लॅगवाल्या चार विटा पुरावा म्हणून गोणीत भरून ठेवल्यात.

तो सध्या सांगली-साताऱ्याकडे कामं घेतोय असं कळलं. गिऱ्हाइकांना दाखवायला त्याच्याकडे एक फोटो आहे: कमानीवर निळ्या टाइल्स, मागे डाळिंबाचं झाड, पुढे पिझ्झा घेऊन हसणारी माणसं. तो ओव्हन आमचा. तो आम्ही पाडलाय.