काउंटी सुपरवायझरांचं मासिक अपडेट: नऊ महिने वाचून आणि वापरून झाल्यावरचा अनुभव

नोव्हेंबर 2024 मध्ये मुलीचं लायब्ररी कार्ड काढायला गेले होते, तिथे टेबलावर एक कागद ठेवलेला, ईमेल लिहा आणि तुमच्या सुपरवायझरचं न्यूजलेटर दर महिन्याला मिळवा. फुकट ते पौष्टिक म्हणून लिहून टाकला. आम्ही अमेरिकेत फेअरफॅक्स काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखं) राहतो, व्हर्जिनिया राज्यात, वॉशिंग्टनच्या पश्चिमेला, चार वर्षं झाली, आणि तोपर्यंत सुपरवायझर हा निवडून येतो हेच मला माहीत नव्हतं. आपल्याकडे सुपरवायझर म्हणजे कंपनीत लाइनवर उभा असतो तो. इथे तो आपल्या नगरसेवकासारखा. आता नऊ अंक वाचून झालेत आणि त्यात लिहिलेलं बरंचसं प्रत्यक्ष वापरून बघितलंय, म्हणून म्हटलं सविस्तर लिहावं, कारण इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भेटलं की दर वेळी कोणीतरी विचारतंच, खड्ड्याची तक्रार कुठे करायची हो, आणि पाच जण पाच पत्ते सांगतात.

रेटिंग आधीच देऊन टाकते, 5 पैकी साडेतीन. दीड का कापले ते पुढे येईलच.

पहिले दोन-तीन अंक मी वाचलेच नाहीत खरं तर. उघडायचं, वर फोटो, सात-आठ जण हातात कात्री घेऊन रिबन कापतायत, की बंद. मला एकदम पुण्यातल्या सिंहगड रोडवरचा आमच्या वॉर्डचा कार्य अहवाल आठवायचा, गुळगुळीत कागद, कव्हरवर हात जोडलेले साहेब, आत बाकडी, ओपन जिम, वह्यावाटप आणि ज्येष्ठांची अष्टविनायक सहल. म्हटलं इथेही तेच, फक्त इंग्रजीत.

मग मार्चमध्ये बाबा आले सहा महिन्यांसाठी. बाबांनी 31 वर्षं पुण्यात महापालिकेत नोकरी केली, त्यामुळे सरकारी कागद दिसला की ते वाचल्याशिवाय राहत नाहीत, औषधाच्या बाटलीवरचं पण सगळं वाचतात. त्यांनी मला मार्चचा अंक प्रिंट करायला लावला, लाल पेन घेतलं आणि फोटो सोडून फक्त क्रियापदांखाली रेघा मारल्या. म्हणाले, अगं यात काय झालं ते बघू नकोस, कुठल्या पायरीवर आहे ते बघ. प्रस्तावित म्हणजे कोणीतरी बोललंय. तरतूद केली म्हणजे पैसे बाजूला काढलेत पण काम नाही. निविदा निघाली म्हणजे आता वर्षभर वाट बघ. रिबन म्हणजे झालं, त्याचं आता काय वाचायचंय, जाऊन बघून ये. पूर्ण अंकात कामाच्या ओळी निघाल्या अकरा, त्यातलं झालेलं एक.

त्या दिवसापासून मी हे न्यूजलेटर खरं वाचायला लागले.

बजेटचं उदाहरण देते म्हणजे कळेल. इथलं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं. मार्चच्या अंकात लिहिलेलं की बोर्डाने, म्हणजे सगळ्या सुपरवायझरांनी मिळून, घरपट्टीचा दर घराच्या किमतीच्या 100 डॉलरमागे 1.14 डॉलर "अ‍ॅडव्हर्टाइज" केला. मी वाचून नवऱ्याला म्हटलं, वाढवला बघ. बाबा म्हणाले थांब, जाहीर केलाय, ठरवलेला नाही. आणि तसंच निघालं. हा आकडा म्हणजे वरची मर्यादा असते, मे महिन्यात अंतिम मंजुरी देताना बोर्ड त्याच्या खाली येऊ शकतं पण वर जाऊ शकत नाही, मधे एप्रिलमध्ये हरकती-सूचनांच्या सुनावण्या होतात. शेवटी मे 2025 मध्ये दर ठरला 1.1225, आधी होता 1.125, म्हणजे चक्क पाव सेंटने कमी. मेच्या अंकात "दर कमी केला" हे ठळक अक्षरात.

आता इथे पहिला अर्धा मार्क कापलाय. दर कमी झाला हे शंभर टक्के खरं, पण बिल कमी झालं असं नाही ना. घराची किंमत काउंटी दरवर्षी नव्याने धरते. गेल्या वर्षी साडेसात लाख डॉलर धरलेलं घर यंदा आठ लाख धरलं, तर 8,437 चे 8,980 होतात, दर कमी होऊनसुद्धा. हे गणित त्या ठळक अक्षरांच्या आसपास कुठेच नव्हतं, वर स्टॉर्मवॉटर (पावसाच्या पाण्याचा निचरा) वगैरेचे छोटे दर वेगळेच. त्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे, सामान्य निधीतला अर्ध्याहून जास्त पैसा शाळांना जातो आणि व्हर्जिनियात स्कूल बोर्ड वेगळं निवडून येत असलं तरी त्याला स्वतःचा कर लावायचा अधिकारच नाही, पैशासाठी काउंटीच्या तोंडाकडे बघावं लागतं. त्यामुळे मुलं शाळेत असणाऱ्या आमच्यासारख्यांनी घरपट्टीवर फार तोंड उघडू नये असं नवऱ्याचं म्हणणं. असो.

त्याच बजेटमध्ये हॉटेलच्या खाण्यावर 4 टक्के मील्स टॅक्स मंजूर झाला, 1 जानेवारी 2026 पासून. सहा टक्के सेल्स टॅक्स आहेच, म्हणजे 100 डॉलरच्या डोश्या-थाळीवर दहा डॉलर कर आणि वर टिप. काउंटीतल्याच हर्नडन, व्हिएन्ना असल्या छोट्या टाऊनमध्ये (त्यांचा कारभार वेगळा) असा कर आधीपासून होताच. काउंटीत 2016 ला यासाठी मतदान घेतलं होतं तेव्हा लोकांनी नाही म्हटलं होतं, मग 2020 मध्ये राज्याने कायदा बदलला आणि मतदान न घेता लावायची मुभा दिली. आता हा मागचा इतिहास न्यूजलेटरमध्ये नव्हता बरं का, बाबांनी हेच लोकांना आधी विचारत नाहीत का असं विचारलं म्हणून मी शोधला.

यातून एक गोष्ट कळली जी मला चार वर्षांत कोणी सांगितली नव्हती, ती म्हणजे काउंटी स्वतःच्या मनाने फार काही करूच शकत नाही. इथे डिलन रूल म्हणतात, राज्याच्या विधिमंडळाने जेवढा अधिकार दिला तेवढाच. दुकानात प्लॅस्टिकच्या पिशवीला 5 सेंट लागतात ना, 1 जानेवारी 2022 पासून, तेसुद्धा राज्याने आधी परवानगी दिली म्हणून.

आणि रस्ते! हा तर सगळ्यात मोठा घोळ. डिसेंबरमध्ये आमच्या वळणावर चांगला टबाएवढा खड्डा पडला, मी सुपरवायझरच्या ऑफिसला दोन मेल टाकल्या, काउंटीच्या वेबसाइटवर फॉर्म शोधत बसले. तिकडून नम्र उत्तर आलं की रस्ते राज्याच्या वाहतूक खात्याकडे, म्हणजे व्हीडॉटकडे. मला वाटलं झालं, टोलवाटोलवी सुरू. पण नाही हो, खरंच तसं आहे. 1932 च्या एका कायद्याने व्हर्जिनियातल्या काउंट्यांचे रस्ते राज्याने ताब्यात घेतले ते आजपर्यंत, गल्लीबोळातलेसुद्धा, फक्त आर्लिंग्टन आणि हेन्रिको या दोन काउंट्या आपले रस्ते आपण बघतात. बर्फ काढणारी गाडीपण राज्याचीच. जानेवारी 2025 च्या पहिल्या आठवड्यात बर्फ पडला तेव्हा शेजारी काउंटीच्या नावाने खडे फोडत होते आणि मी नवीनच शहाणी झालेली असल्याने त्यांना थंडीत उभं राहून 1932 सांगत होते. त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं नाही हेच खूप.

बरं, यालाही अपवाद आहेत. सेंटरविलजवळ रूट 28 चारवरून सहा लेन करण्याचं काम काउंटीनेच चालवलं. आणि रिचमंड हायवेवर हंटिंग्टनपासून फोर्ट बेल्व्हॉरपर्यंत नऊ स्टेशनांची बीआरटी (बससाठी वेगळी लेन) येऊ घातलीये, "द वन" नाव आहे. बीआरटी शब्द वाचल्यावर बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. 2006 पासून पुण्यात बीआरटी बघितलेला माणूस तो. म्हणाले, क्रियापद काय लिहिलंय?

वापरून काय काय बघितलं ते सांगते. काचेच्या बाटल्या: इथे 2019 पासून घरच्या रिसायकलिंगच्या डब्यात काच चालत नाही, जांभळ्या रंगाचे मोठे कंटेनर ठेवलेत ठिकठिकाणी, त्यात नेऊन टाकायची. मी ती चार वर्षं बिनधास्त निळ्या डब्यात टाकत होते, न्यूजलेटरमधल्या दोन ओळींमुळे कळलं. त्या काचेचा लॉर्टनला एका मोठ्या मशीनमध्ये चुरा होतो, वाळूसारखा, आणि तो बांधकामात वापरतात. मुलीला हे इतकं आवडलं की लोणच्याच्या बरण्या रिकाम्या व्हायची वाट बघते आता, परवा अर्धी भरलेली धुवायला घेतली होती.

पेंटचे डबे: वेस्ट ऑक्स रोडवरच्या केंद्रावर घातक कचरा फुकट घेतात असं वाचलं, तळघरातले जुने अकरा डबे गाडीत भरून नेले. लेटेक्स पेंट, म्हणजे पाण्यात मिसळणारा, घेत नाहीत. तो वाळवून साध्या कचऱ्यात टाकायचा असतो. आता ही चूक माझीच, लिंक उघडून पूर्ण वाचलं असतं तर कळलं असतं, पण अंकात नुसतं "पेंट वगैरे" असं आलं होतं म्हणून अजून अर्धा मार्क. अकरा डबे घेऊन परत आले, दोन आठवडे गॅरेजमध्ये झाकणं उघडी टाकून वाळवत बसलो, बाबा रोज सकाळी काडीने ढवळून बघायचे.

बाकी कचऱ्याचं म्हणाल तर बहुतेक घरांचा कचरा काउंटी उचलतच नाही, सोसायटीने किंवा आपण ठरवलेली खासगी गाडी येते, त्यामुळे मंगळवारी गाडी आली नाही म्हणून सुपरवायझरला लिहिण्यात काही अर्थ नाही. हे मी लिहून पाहिलेलं आहे.

सिल्व्हर लाइन मेट्रो 15 नोव्हेंबर 2022 ला डलस विमानतळाच्या पुढे अ‍ॅशबर्नपर्यंत गेली. तेव्हा मी ते अपडेट बघितलं असतं तर दोन वर्षं विमानतळाच्या पार्किंगला पैसे घातले नसते. बाबांना एअरपोर्टवरून एकच स्टेशन, इनोव्हेशन सेंटरपर्यंत, मुद्दाम मेट्रोने आणलं. त्यांना मेट्रोपेक्षा फ्राइंग पॅन फार्म पार्क जास्त आवडलं, हर्नडनला आहे, खऱ्या गाई, डुकरं, कोंबड्या, प्रवेश फुकट, पार्क अथॉरिटी चालवते. वासरू झाल्याची बातमी अंकात होती म्हणून गेलो. साडेतीनमधला एक मार्क त्या वासराचा आहे असं धरा.

मिडल स्कूल-हायस्कूलच्या मुलांना फेअरफॅक्स कनेक्टर बसचा पास फुकट मिळतो, शेजारणीच्या मुलाचा काढून दिला, त्याची आई आता मला घरची नगरसेविका म्हणते. गोचीड चावली तर ती डबीत घालून काउंटीकडे दिली की कुठल्या जातीची ते फुकट ओळखून सांगतात, ते मात्र अजून वापरायची वेळ आली नाही आणि न येवो.

उरलेला अर्धा मार्क, आणि हा जरा मनाला लागलेला आहे. आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे वसाहतीच्या, तोंडाशी बसस्टॉपपर्यंतचा फूटपाथ मधेच शे-सव्वाशे पावलं नाहीच. गवत, मग एक ओढ्यासारखी नाली, मग परत फूटपाथ. बाबा रोज तिथून फिरायला जायचे, एप्रिलमध्ये चिखलात घसरले, हात खरचटला, बाकी काही नाही. मेल टाकली, फोटो लावले. दोन दिवसांत उत्तर आलं (हे कौतुकच, तिकडे क्षेत्रीय कार्यालयात दोन दिवसांत शिपाईसुद्धा वर बघत नाही), लिहिलं होतं की ही जागा यादीत आहे, निधी उपलब्ध झाल्यावर विचार होईल. बाबांनी लाल पेन मागितलं. "विचार होईल" खाली दोन रेघा.

तरी मला सुनावणीला जायला त्यांनीच लावलं. बोर्डाच्या सुनावणीत कोणीही नाव नोंदवून तीन मिनिटं बोलू शकतं, नागरिकत्व विचारत नाहीत, ग्रीन कार्डवाल्यांनी घाबरू नये. मत नाही पण तीन मिनिटं आहेत. मी बोलले, हात थरथरत होते, दोन मिनिटांतच संपलं माझं. काउंटीच्या चॅनल 16 वर ते दिसलं, बाबांनी टीव्हीचा फोटो काढून पुण्याला सगळ्यांना पाठवला. काकांनी विचारलं, तिथे एवढे लोक ऐकून घेतात? बाबा म्हणाले, साडेअकरा लाखांना दहा जणांचं बोर्ड आहे, अध्यक्ष धरून, आपल्याकडे 2017 ला 162 निवडून दिले होते आणि मार्च 2022 पासून आज 2025 पर्यंत एकही नाही, तुम्ही तक्रार कोणाला सांगताय ते आधी बघा.

कोणी घ्यावं हे अपडेट? घर असेल किंवा मुलं शाळेत असतील तर डोळे झाकून. भाड्याने असाल तरी लायब्ररी, बस, पार्क यासाठी उपयोग आहे, 2025 मध्ये फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, नोकऱ्या गेल्या तेव्हा जॉब फेअरच्या तारखाही आमच्या दोन ओळखीच्यांना यातूनच मिळाल्या. आणि साइनअप करायच्या आधी तुमचा पत्ता नेमका कशात येतो ते बघा, पत्त्यात हर्नडन लिहिलेलं असलं म्हणून तुम्ही हर्नडन टाऊनमध्ये असताच असं नाही, आणि फेअरफॅक्स सिटी ही तर काउंटीपासून वेगळी स्वतंत्र आहे. आमच्या एका मैत्रिणीने सहा महिने भलत्याच डिस्ट्रिक्टचं (म्हणजे दुसऱ्याच सुपरवायझरच्या वॉर्डचं) न्यूजलेटर वाचलं, तिकडच्या पुलाची तिला आता सगळी माहिती आहे.

जुलैचा अंक परवा आला, घरपट्टीचा पहिला हप्ता 28 तारखेपर्यंत भरा म्हणून वरतीच आठवण. पादचारी कामांच्या यादीत आमचा रस्ता चौथ्या ओळीत आहे, पुढे लिहिलंय "डिझाइनसाठी तरतूद प्रस्तावित". बाबांना दाखवलं. दोन क्रियापदं एकदम, म्हणाले, आणि पेन शोधायला उठले.