सौम्य रेझर की जहाल?

दोन्ही सेफ्टी रेझरच, दोन्हींत तेच सुटं दुधारी ब्लेड बसतं. फरक डोक्याचा: जहाल रेझरमध्ये धार जास्त बाहेर डोकावते, ब्लेड आणि खालच्या पट्टीतली फटही मोठी.

मुह्ले कंपनीचा आर८९ सौम्य. अर्धवट झोपेत फिरवला तरी निभावतं, फक्त हनुवटीखाली पुन्हा पुन्हा हात मारावा लागतो. रोज दाढी करणाऱ्याला पुरे.

त्याच कंपनीचा आर४१ म्हणजे वेगळाच गडी. चार दिवसांची दाढी पहिल्याच हातात साफ. पण डोक्यासकट पाती बदलायच्या कार्ट्रिज रेझरच्या सवयीनं मी तो दाबला (चूक माझीच), गळ्यावर चीर पडली. नागपूरचा मे महिना, ४५ अंशांचं ऊन, बर्डीवर पोचेपर्यंत घाम त्या चिरेत उतरला. तुरटीपेक्षा जास्त झोंबलं, बाप्पा!

मग शिकलो. दांडी शेवटाकडे हलकी धरायची, वजन रेझरचंच, कोन साधारण ३० अंश, हात आखूड. सुरुवातीचे काही आठवडे केसांच्या दिशेनंच, उलटा हात नाही. कान द्यायचा: करकर थांबली की कोन सुटला समजा.

आता कामाच्या दिवशी घाईत आर८९. आर४१ निघतो रविवारी, तर्री-पोहे खाऊन आल्यावर, निवांत.